सुखतळा कोणाच्या पायात?

बुटाच्या वा वहाणेच्या आत, पावलाला थेट टेकणारा जो मऊ तळ असतो त्याला मराठी चर्मकार सुखतळा म्हणतो. शब्द जुना आहे आणि नेमका आहे. आज हाच सुखतळा दोन ठिकाणी दोन रूपांत विकला जातो. औषधांच्या किंवा खेळाच्या सामानाच्या दुकानात तो पाकिटात मिळतो. तो सिलिकॉनचा, रबराचा वा फोमचा असतो आणि त्याची किंमत काहीशे रुपये असते. दुसऱ्या ठिकाणी त्याला ‘कस्टम ऑर्थोटिक’ अशी पदवी प्राप्त होते. तेथे ग्राहकाला यंत्रावर उभे केले जाते, पडद्यावर त्याच्या तळव्याचा लाल, पिवळा, निळा नकाशा उमटतो, आणि काही हजार रुपये मोजल्यावर ‘खास त्याच्यासाठी’ घडविलेला सुखतळा त्याच्या हाती पडतो. या दोहोंतून काय निवडावे असे विचारले, की ‘ज्याने त्याने आपली गरज आणि ऐपत पाहून ठरवावे’ असे गुळमुळीत उत्तर मिळते. गरज आणि ऐपत हे दोन शब्द एका ‘आणि’ने जोडण्यातच सारी लबाडी आहे. ज्याला ऐपत आहे त्याला गरज नसते आणि ज्याला गरज आहे त्याला ऐपत नसते, हे या व्यवहाराचे खरे स्वरूप आहे. समाजवाद्यांचे काम हे दोन शब्द सोडवून वेगळे करण्याचे आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू.

ज्या दुखण्यासाठी हा व्यापार प्रामुख्याने चालतो ते दुखणे म्हणजे टाचदुखी. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत एक चिवट तंतुमय पट्टा ताणलेला असतो. वैद्यक त्याला प्लँटर फॅशिया म्हणते. तासन्‌तास उभे राहणे, वाढलेले वजन, कठीण फरशी, झिजलेली पादत्राणे यांमुळे त्याच्यावर ताण येतो आणि सकाळी अंथरुणातून उठून पहिले पाऊल टाकताच टाचेत कळ उठते. बहुसंख्य रुग्णांची ही व्याधी साध्या उपायांनी काही महिन्यांत ओसरते. तेव्हा प्रश्न असा की, या व्याधीत मापाने बनविलेला महाग सुखतळा पाकिटातल्या स्वस्त सुखतळ्यापेक्षा अधिक गुणकारी आहे काय?

या प्रश्नाचा तपास झालेला आहे. १९९९ साली अमेरिकेतील १५ केंद्रांत मिळून २३६ रुग्णांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सर्व रुग्णांना पोटरी व तळवा ताणण्याचे व्यायाम सांगितले होते. काहींना त्याच्या जोडीला तयार सुखतळे दिले, काहींना मापाने बनविलेले दिले, तर काहींना केवळ व्यायामावर ठेवले. आठ आठवड्यांनंतर सिलिकॉनचा तयार सुखतळा वापरणाऱ्यांपैकी ९५ टक्के, रबराचा वापरणाऱ्यांपैकी ८८ टक्के आणि नमद्याचा वापरणाऱ्यांपैकी ८१ टक्के रुग्णांना आराम पडला होता. केवळ व्यायाम करणाऱ्यांत हे प्रमाण ७२ टक्के होते. मापाने बनविलेला सुखतळा वापरणाऱ्यांत ते ६८ टक्के, म्हणजे सर्वांत कमी निघाले. पुढे २००६ साली ऑस्ट्रेलियातील १३५ रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. तीत तयार, मापाचा आणि नावापुरता पातळ फोमचा, असे तीन प्रकारचे सुखतळे देऊन रुग्णांचा वर्षभर पाठपुरावा केला होता. पहिल्या तीन महिन्यांत तयार आणि मापाच्या सुखतळ्यांचा थोडा लाभ दिसला, आणि तोही दोहोंचा सारखाच. वर्षाअखेरीस तिन्ही गटांत फरक उरला नव्हता.

या चाचण्यांचा अर्थ मात्र ताणू नये. त्या साध्या टाचदुखीपुरत्या आहेत. ज्या पावलाचा आकार बिघडला आहे, ज्याची संवेदना गेली आहे, ज्यावर पूर्वी जखम होऊन गेली आहे, त्या पावलाविषयी त्या काही सांगत नाहीत. परंतु यंत्रावर उभे राहण्यासाठी ज्यांना बोलावले जाते त्यांत मोठा भरणा साध्या टाचदुखीवाल्यांचाच असतो, आणि त्यांना हजारोंचा माल विकण्याला शास्त्राचा आधार नाही, एवढे या चाचण्यांवरून निर्विवाद ठरते.

नकाशाचा धाक

मग हा माल खपतो कसा? याचे उत्तर वैद्यकात शोधण्यापेक्षा अर्थशास्त्रात शोधावे. केनेथ अॅरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ साली वैद्यकीय सेवेच्या अर्थकारणावर लिहिलेल्या निबंधात दाखवून दिले की, या बाजारात विक्रेता आणि ग्राहक यांचे ज्ञान समान पातळीवर नसते. भाजी घेणाऱ्याला भाजी कळते. उपचार घेणाऱ्याला उपचार कळत नाही. काय हवे हे विकणाराच सांगतो, आणि जो सांगतो तोच पैसे घेतो. त्याआधी पाच वर्षे गालब्रेथ यांनी ‘दि अॅफ्लुअंट सोसायटी’ या ग्रंथात, गरज भागविणारे उत्पादनच ती गरज निर्माणही करते, हा मुद्दा मांडला होता. रंगीत नकाशा हे त्याचे ठळक उदाहरण होय. माणूस उभा राहिला म्हणजे भार टाचेवर आणि चवड्यावर पडतो, मधली कमान उचललेली राहते. त्यामुळे टाच आणि चवडा या जागा निरोग्याच्या नकाशातही ‘लाल’ उमटतात. शरीरशास्त्राचे पहिले पान वाचलेल्यालाही हे ठाऊक असते. पण पडद्यावरच्या तांबड्या डागाकडे बोट दाखविले, की चांगला धडधाकट माणूस घाबरतो. ज्याचे पाऊल जन्मत: सपाट आहे परंतु आयुष्यात कधी दुखले नाही, त्यालाही ‘आज नाही तर उद्या गुडघे जातील’ असे सांगितले जाते. न दुखणाऱ्या सपाट पावलाला उपचाराची गरज नसते, हे त्याला कोण सांगणार?

पाकिटवाला दुकानदारही साधू नव्हे. त्याच्या वेष्टनावर गुडघेदुखी, कंबरदुखी, मानदुखी असे सारे रोग बरे करण्याची हमी छापलेली असते. फरक इतकाच की, तो ग्राहकाला शेकड्यांत फसवितो आणि दुसरा हजारांत.

ज्या पावलाला दुखत नाही

आता दुसऱ्या पावलाकडे वळावयास हवे. ते पाऊल दुखत नाही, आणि हाच त्याचा रोग आहे.

१९४६ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या पावलांचा अभ्यास केला, तेव्हा कुष्ठरोगाने मांस आपोआप सडते अशी समजूत होती. ब्रँड यांनी दाखवून दिले की, पाऊल झडते ते बधिरतेमुळे. निरोगी माणसाच्या वहाणेत खडा गेला तर तो दोन पावलांत थांबतो. चवडा ठणकू लागला तर नकळत लंगडतो आणि भार दुसरीकडे टाकतो. वेदना ही त्याची पहारेकरी असते. ज्याच्या नसा मेल्या आहेत तो त्याच एका जागेवर, त्याच दाबाने, दिवसभर चालत राहतो. त्वचा आतून फुटते, जखम होते, ती हाडापर्यंत जाते, आणि मग शस्त्रक्रियेच्या टेबलावर बोट, पाऊल वा पाय गमवावा लागतो.

यावरील उपाय कोणत्याही पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्याला समजेल. भार तोच असला तरी तो अधिक क्षेत्रफळावर पसरला, की प्रत्येक जागेवरचा दाब उतरतो. तळव्याच्या उंचसखल आकाराशी तंतोतंत जुळणारा सुखतळा हेच करतो. भारतातील कुष्ठसेवेत त्यासाठी सूक्ष्मछिद्री रबराचा, म्हणजे एमसीआरचा, वापर रूढ झाला. आत मऊ रबर, बाहेर काटा घुसणार नाही असा टणक तळ, टाचेमागे पट्टा, आणि खिळा एकही नाही, कारण बधिर तळव्याला वर आलेला खिळा कळत नाही. आकार बिघडलेल्या पावलासाठी प्लॅस्टरने साचा घेऊन सुखतळा घडवावा लागतो. येथे माप घेणारा जाणकार हवा, कारागीर हवा, आणि दर काही महिन्यांनी झीज पाहणारा डोळा हवा. येथे पाकिटातला सुखतळा केवळ निरुपयोगी नाही, तो घातक आहे. घट्ट बुटात वरून एक जाड पॅड सरकवले, की पाऊल उचलले जाते, बोटे वरच्या चामड्यावर घासतात, आणि जी जखम टाळावयाची तीच ओढवते.

बधिर पावलाचा प्रश्न कुष्ठरोगापुरता राहिलेला नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात मधुमेहींची संख्या १० कोटी १० लाखांच्या घरात आहे. त्या सर्वांची पावले बधिर नसतात. पण ज्यांचा मधुमेह जुना आणि अनियंत्रित आहे त्यांच्या नसांना हा धोका असतोच. ते ओळखण्यासाठी रंगीत नकाशा लागत नाही. दहा ग्रॅम जोराला वाकणारा नायलॉनचा एक धागा तळव्यावरील ठराविक बिंदूंना टेकवावयाचा आणि डोळे मिटलेल्या रुग्णाला ‘कळले काय?’ असे विचारावयाचे, एवढीच ही परीक्षा. प्राथमिक आरोग्य केंद्रातील परिचारिका ती पाच मिनिटांत करू शकते. हजारोंच्या यंत्राला गिऱ्हाईक आहे. या धाग्याला गिऱ्हाईक नाही, कारण त्यातून कोणाला नफा नाही.

शासनाचा हिशेब

शासन काय करते? राष्ट्रीय कुष्ठरोग निर्मूलन कार्यक्रमात बधिर पावलाच्या रुग्णांना एमसीआर पादत्राणे विनामूल्य देण्याची तरतूद आहे. दत्तपूर, तपोवन, आनंदवन पाहिलेल्या महाराष्ट्राला तिचे मोल सांगावयास नको. मात्र ती वहाण दुरून ओळखू यावी अशी घडविली, तर रुग्ण ती लाजेने घालत नाही, हा अनुभव कुष्ठसेवेतल्या कार्यकर्त्यांना आहे. गरिबाला फुकट मिळणाऱ्या वस्तूला सन्मानाचे रूप असण्याची गरज नाही, ही वृत्ती त्यामागे आहे.

मधुमेहींच्या वाट्याला तर तेवढेही नाही. अपंगांना साधने पुरविणारी केंद्र शासनाची ‘एडिप’ योजना १९८१ पासून चालू आहे. तिचा लाभ घेण्यासाठी ४० टक्के अपंगत्वाचा दाखला लागतो. केवळ बधिर झालेल्या, अद्याप अखंड असलेल्या पावलाला असा दाखला मिळणे दुरापास्त. अर्थात पाय शाबूत आहे तोवर तो वाचविणारी वहाण मिळणार नाही. पाय कापला, की कृत्रिम पायासाठी अर्ज करता येईल. दया दाखविण्यासाठी आधी दुर्दशेची वाट पाहणाऱ्या या व्यवस्थेला कल्याणकारी म्हणावयाचे काय?

तुलनेसाठी दूर जाऊ. अमेरिका ही काही समाजवादाची भूमी नव्हे. तरीही तेथील वृद्धांच्या ‘मेडिकेअर’ विमा योजनेत १९९३ पासून, धोक्याच्या टप्प्यावर असलेल्या मधुमेहीला दरवर्षी एक जोड खोल बूट आणि सुखतळ्यांचे तीन जोड देण्याची सोय आहे. उलट, साध्या टाचदुखीसाठी मापाचा सुखतळा हवा असेल तर हीच योजना एरवी पैसे देत नाही. गरजेची रेषा कोठे ओढावी हे भांडवलशाही देशातल्या एका सार्वजनिक योजनेला समजते. आपण मात्र ती रेषा ऐपतीच्या जागी ओढून मोकळे झालो आहोत.

बूट कोणाचा?

‘तयार घ्यावा की मापाचा?’ हा प्रश्नच मुळात बूट घालणाऱ्यांचा आहे. सुखतळा सरकविण्यासाठी बंद, खोल बूट लागतो. रबरी स्लीपर घालून उसाच्या फडात उतरणाऱ्या बाईने, चपलेत दिवस काढणाऱ्या भाजीवालीने, अनवाणी नांगर धरणाऱ्याने तो कोठे ठेवावा? त्यांच्यासाठी अख्खी वहाणच घडवावी लागेल. बाजार त्यांना ग्राहक मानीत नाही. म्हणून त्यांच्यापुढे निवडच उभी राहत नाही. निवडीच्या स्वातंत्र्याचे गोडवे गाणाऱ्यांनी हे आधी ध्यानात घ्यावे.

आणि टाचा दुखतात त्या कोणाच्या? दहा-बारा तास उभे राहणाऱ्या परिचारिकेच्या, यंत्रमाग कामगाराच्या, वाहतूक पोलिसाच्या, मोठ्या दुकानातील विक्रेतीच्या. तिला सुखतळा विकून तिचे दुखणे तिच्या पावलाचे ठरविले जाते; ते कामाच्या पद्धतीचे आहे हे झाकले जाते. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या ४४ व्या कलमात, उभ्याने काम करणाऱ्यांना संधी मिळेल तेव्हा बसता यावे म्हणून बैठकीची सोय करण्याचे बंधन मालकावर घातले होते. दुकानांतील स्त्रिया त्या कलमाबाहेर राहिल्या. कोझिकोडच्या कापड दुकानांतील विक्रेत्या स्त्रियांनी त्यासाठी संघटना उभारून लढा दिला आणि २०१८ साली केरळने बसण्याचा हक्क कायद्यात आणला. २०२१ साली तमिळनाडूने त्याचे अनुकरण केले. टाचदुखीवरचा सर्वांत स्वस्त उपचार एक स्टूल हा आहे. तो कोणत्याही चिकित्सालयात विकत मिळत नाही, संघटनेने मिळवावा लागतो.

हात कोणाचे?

यात जातीचाही प्रश्न आहे. महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या पावले ज्याने हाताळली, मापे ज्याने घेतली, भोवरी आली तर तेवढ्या जागी चामडे तासून ज्याने आराम दिला, तो चर्मकार रस्त्याच्या कडेला छत्रीखाली बसतो. त्याचेच काम यंत्राच्या आणि इंग्रजी नावाच्या आधाराने वातानुकूलित खोलीत गेले, की त्याची किंमत शतपट होते आणि त्यातून तो स्वत: हद्दपार होतो. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. २०२५ साली प्राडा या इटालियन कंपनीने तिच्या धर्तीच्या वहाणा मिलानमध्ये मिरविल्या आणि टीका झाल्यावर प्रेरणेचा उगम मान्य केला. तेव्हा सर्वांनाच अस्मितेची आठवण झाली. कारागिराच्या मजुरीची फारशी झाली नाही.

हे हात वैद्यकाशी जोडले तर काय घडते, हे जयपूरने दाखविले आहे. १९६८ साली तेथे कारागीर रामचंद्र शर्मा आणि शल्यचिकित्सक डॉ. प्रमोद करण सेठी यांच्या सहकार्यातून रबराचा ‘जयपूर फूट’ निघाला. उकिडवे बसणाऱ्या, चिखलात उतरणाऱ्या, अनवाणी चालणाऱ्या भारतीयासाठी तो घडला, कारण घडविणारा त्याच जगातला होता. कारागिरीला देव्हाऱ्यात बसवावे असा याचा अर्थ नव्हे. बधिर पाऊल अडाणी हाती देणे गुन्हाच ठरेल. शिक्षण हवे, देखरेख हवी. १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्याने या व्यवसायाला नोंदणीची अट घातली ती योग्यच आहे. मुंबईत हाजीअली येथे १९५५ पासून केंद्र शासनाची भौतिकोपचार व पुनर्वसन संस्था उभी आहे. चर्मकार समाजासाठी १९७४ साली स्थापन झालेले संत रोहिदास महामंडळ आहे. ज्ञान एकीकडे, हात दुसरीकडे आणि पावले तिसरीकडे, अशी फाटाफूट मात्र आहे. त्यांना एकत्र आणणे हे नियोजनाचे काम आहे. बाजार ते करणार नाही.

आक्षेप येतील. पहिला पैशाचा. त्याला उत्तर असे की, तुटलेल्या पायाचा खर्च समाज आजही करतोच: शस्त्रक्रिया, रुग्णालयातील महिने, बुडालेली मजुरी, शाळा सोडलेले मूल. तो शासनाच्या वहीत न दिसता कुटुंबाच्या कर्जात दिसतो, एवढेच. दुसरा आक्षेप ज्याला परवडते त्याच्या स्वातंत्र्याचा. त्याने खुशाल सोन्याचा सुखतळा घालावा. मात्र औषध म्हणून विकणाऱ्याने त्याचा गुण सिद्ध करावा, एवढीच अपेक्षा आहे. तिसरा आक्षेप आपल्यातच ऐकू येतो. जमीन, रोजगार, धर्मांधता असे प्रश्न पेटले असताना ही चपलांची चर्चा कशाला, असे काही साथी म्हणतील. त्यांनी एवढाच विचार करावा की, ज्याचा पाय कापला गेला तो मोर्चात येत नाही, फडातही जात नाही. कष्टकऱ्याचे भांडवल त्याचे शरीर हेच असते, आणि त्या भांडवलाचा पाया त्याची पावले.

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात.

१. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि महापालिकेच्या दवाखान्यात मधुमेहीच्या पावलांची धाग्याची परीक्षा वर्षातून एकदा विनामूल्य व्हावी.

२. बधिर वा विकृत पावलासाठी मापाची वहाण आणि सुखतळा हे औषधच मानून शासनाने मोफत द्यावे. ४० टक्क्यांची अट तेथे लागू करू नये.

३. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात पादत्राणांची कार्यशाळा असावी. तेथे नोंदणीकृत ऑर्थोटिस्टच्या देखरेखीखाली प्रशिक्षित चर्मकारांना पगारी नोकरी मिळावी.

४. सुखतळा विकणाऱ्या चिकित्सालयाने आपली नोंदणी आणि दर दर्शनी भागात लावावेत. साध्या टाचदुखीत स्वस्त पर्याय तितकाच उपयुक्त आहे हे ग्राहकाला सांगणे बंधनकारक असावे.

५. महाराष्ट्रातील दुकाने व आस्थापनांत बसण्याचा हक्क केरळच्या धर्तीवर नि:संदिग्ध शब्दांत लिहिला जावा आणि त्याची तपासणी व्हावी.

यांतील पहिल्या कामासाठी सत्तेची वाट पाहण्याचे कारण नाही. शाखेतील दोन कार्यकर्ते एका परिचारिकेकडून ही परीक्षा शिकून घेऊ शकतात. वस्तीतील मधुमेहींची यादी, त्यांच्या पावलांची नोंद आणि ज्यांना धागा कळला नाही त्यांची नावे घेऊन ते जिल्हा शल्यचिकित्सकांच्या दारात उभे राहू शकतात. हातात अशी यादी असली, की मागणीला वजन येते. टाच दुखणाऱ्या परिचारिकेला स्टूल आणि स्वस्त सुखतळा पुरेल. बधिर पावलाच्या ऊसतोड कामगाराला मापाची वहाण हवी, आणि ती त्याला गरजेच्या नावाने मिळाली पाहिजे. ऐपतीचा प्रश्न त्याला विचारण्याचा अधिकार कोणालाही नाही.